चूळ भरण्याआधी

४ जानेवारी

प्रिय ताई,

माझ्या पत्रांत तीन ओळी बातमी आणि तीन पानं रडगाणं असतं, असं तू म्हणतेस. म्हणून आज रडगाणं आधी उरकते. काल बाबांना कुशीवर वळवताना माझ्या पाठीत उसण भरली. अर्धांगाचा झटका येऊन चौदा महिने झाले, पण त्यांच्या तोंडून अजून एकच शब्द निघतो: ‘बरं’. खिडकी उघडू? बरं. लावून घेऊ? बरं. शेजारच्या काकू म्हणतात, जन्मभर या माणसानं कुणाचं ऐकलं नाही, देवानं नेमका तेवढाच शब्द मागे ठेवला.

आता बातमी. मला ती जागा मिळाली! दुर्बिणींचे आरसे घासायच्या कारखान्यातली. चष्म्याच्या दुकानात अकरा वर्षं लोकांच्या नाकावरची भिंगं घासणाऱ्या बाईला ते दारात उभं करतील असं वाटलं नव्हतं. परीक्षेत एक मोठी काच समोर ठेवली आणि म्हणाले, हिच्यात खोट कुठे आहे ते दाखवा. बाकीच्यांनी मोजायचं यंत्र मागितलं. मी डोळे मिटून बोट फिरवलं आणि दाखवली. तिथल्या मुकादमबाईंनी माझं बोट धरून पाहिलं.

सातवीत असताना मी गच्चीवर फुटका आरसा घेऊन चंद्र खाली आणायला बसायचे, आठवतं? तू आईला सांगून मार खायला लावला होतास. ते स्वप्न आता टपालानं घरी आलंय.

एक मार्चला हजर व्हायचं. दोन वर्षं शिकाऊ, मग कायम. दोनच वर्षं बाबांना तुझ्याकडे ने, ताई. तुझी खालची खोली रिकामी आहे, भाऊजींचा कॅरम सोडला तर. मी कायम झाले की येऊन घेऊन जाईन. फोनवर आपण भांडतो म्हणून लिहितेय. हो म्हण.

तुझी,
धाकटी

११ जानेवारी

प्रिय धाकटे,

अभिनंदन. पत्रात सात चुका होत्या, त्यातल्या सहा शुद्धलेखनाच्या.

नेहमीप्रमाणे छापखान्यातल्या पाठकोऱ्या कागदावर लिहितेय, नाक मुरडू नकोस. एकोणीस वर्षं मुद्रितं तपासल्यावर कोरा कागद समोर आला की चोरी केल्यासारखं वाटतं. सध्या स्वप्नांच्या अर्थाची एक पुस्तिका तपासायला आहे. दात पडणे, साप चावणे, उंचावरून कोसळणे, सगळं अकारविल्हे. लोक काय वाट्टेल ते विकत घेतात.

पण आजचं पत्र त्या टवाळीचं नाही. सकाळचे सहा वाजलेत आणि मी अजून चूळ भरलेली नाही. का ते तुला सांगायला नको. आईचा नियम आपल्या हाडात आहे: चूळ भरायच्या आधी सांगितलं ते स्वप्न, नंतर सांगितली ती गोष्ट. याच नियमानं आईनं बाबांची बदली रद्द करवली, मामांचं ठरलेलं लग्न मोडलं आणि मागची भिंत पाडायला लावली. तिला जाऊन सहा वर्षं झाली, पण मामा अजून म्हणतात, अक्काचा शब्द म्हणजे शब्द.

आज पहाटे आई आली. बाबांच्या पलंगाच्या कडेला बसून त्यांची नखं कापत होती. मी म्हटलं, आई, त्यांना मी माझ्याकडे आणतेय. तशी मान न उचलता म्हणाली, “थोरलीच्या हाताला शाई असते. यांना धाकटीचाच हात लागतो.” मी म्हटलं, अगं, तिची नोकरी? त्यावर वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण रडत नव्हती.

मी यात माझं काही घालत नाही. दुसऱ्याच्या मजकुरात आपला शब्द घुसडायचा नाही, एवढाच माझा धर्म आहे. मामांना लगेच फोन केला.

ठरव तू. माझं काही म्हणणं नाही.

ताई

१९ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र बाबांच्या उशाशी बसून चारदा वाचलं. आई तुझ्याकडे येते! मी तिच्याच खोलीत, तिच्याच पलंगावर झोपते, तिची शाल पांघरते, सहा वर्षांत ती माझ्याकडे एकदाही आली नाही. एकदाही, ताई. तिच्या शेवटच्या चार महिन्यांत तिला मी भरवलं, मी पुसलं, आणि येते कुणाकडे? जिला सुट्टी मिळत नव्हती तिच्याकडे. हे वाचून राग येईल तुला. येऊ दे.

शाई धुता येते ना गं? साबणानं जाते.

बाबांना विचारलं, “मी जाऊ का?” म्हणाले, “बरं.” मी म्हटलं, “नको जाऊ?” म्हणाले, “बरं.” मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्याचा अर्थ काय लावायचा ते तुझ्या पुस्तिकेत असेल तर बघ.

मामांचा फोन आला होता. म्हणाले, पोरी, मी अक्काचं ऐकून एक मुलगी सोडली होती. ती पुढे फार सुखी झाली असं कळलं, पण मी अक्काचं ऐकलं. यातून मी काय शिकायचं ते मला कळलं नाही.

पुन्हा आली तर विचार ना तिला. दोनच वर्षं आहेत म्हणावं. हात जोडते.

धाकटी

२७ जानेवारी

प्रिय धाकटे,

तू म्हणालीस म्हणून झोपताना मनाशी प्रश्न धरून झोपले. सव्वासहा वाजलेत, तोंड तसंच आहे.

आई आली. तिच्या हातात मोठा गोल आरसा होता, तू घासणार आहेस तसा असावा. मला म्हणाली, “बघ यात.” मी पाहिलं. त्यात माझा चेहरा नव्हता, तुझा नव्हता. बाबांचा पलंग होता, रिकामा. चादर ताणून, घडी न मोडलेली. मग तिनं आरसा उलटा ठेवला आणि म्हणाली, “धाकटीला सांग, लांबचं बघायला निघालीस तर जवळचं असंच दिसेल.”

अर्थ मी लावत नाही. तू हुशार आहेस, डोळे मिटून खोट ओळखतेस.

राहता राहिलं तुझ्याकडे न येण्याचं. आई ज्याला काही सांगायचं असतं त्याच्याकडे येते. तुला काय सांगणार? तू तिच्या मनासारखंच वागत होतीस, आतापर्यंत.

ताई

६ फेब्रुवारी

ताई,

कारखान्याला कळवलं. येऊ शकत नाही, म्हणून.

पत्र पेटीत टाकलं आणि लगेच परत काढावंसं वाटलं, म्हणून फटीत हात घातला. मनगट अडकलं. पाऊण तास पेटीला हात देऊन उभी होते. जाणारे-येणारे हसत होते. शेवटी पोस्टमन आला, त्यानं पेटी उघडून हात सोडवला आणि विचारलं, “बाई, पत्र परत हवंय का?” म्हटलं, नको.

बाबांना सांगितलं, मी कुठे जात नाही. म्हणाले, बरं.

धाकटी

२ एप्रिल

प्रिय धाकटे,

दोन महिन्यांत चार ओळी नाहीत तुझ्या. रुसलीस? दुकान, बाबा, पाठ, सगळं ठीक असेल असं धरून चालते.

एक आनंदाची गोष्ट आहे आणि ती तुझ्याशिवाय पुरी होणार नाही. आमच्या मुंगीच्या मनात तुझा तो आरशांचा कारखाना फार बसलाय. तूच मागच्या सुट्टीत तिला भिंग कसं घासतात ते दाखवलंस, तेव्हापासूनचं खूळ. आता शिक्षण संपलं तर म्हणते, मावशीसारखं व्हायचं. तिनं चौकशी केली, तर तू नाही म्हणालेली जागा अजून रिकामीच आहे. फुकट घालवण्यापेक्षा घरातच राहिली तर काय वाईट?

मुकादमबाईंना तुझं बोट आवडलं होतं ना? मग त्यांना दोन ओळी लिही. मुंगीला आठ दिवस तुझ्याकडे पाठवते, तेवढं काचेवर बोट फिरवायचं शिकव. तिचं बावीसचं वय आहे, तिनं स्वप्नं बघायची. तू आता चौतीस. आपलं पाहून झालं.

घाईत हाताला लागला त्या कागदावर लिहिलंय, समजून घे. भाऊजींचा नमस्कार.

ताई

(याच कागदाची मागची बाजू. वर छापील मजकूर.)

मृत पिता दिसणे : प्रवासाचा योग.
मृत माता दिसणे : इच्छित कार्य सिद्धीस जाते.
मेण दिसणे : मित्राकडून फसवणूक.

(खाली, रुंद समासात, ताईच्या अक्षरात पेन्सिलीनं.)

आई आली. बाबांच्या उशाशी उभी होती. (“उभी” खोडून “बसून नखं कापत”. शेजारी: घरगुती हवं, भुतासारखं नको.)
म्हणाली, “धाकटीनं जाऊ नये.” (पूर्ण खोडलं. शेजारी: फार उघड. हाताबद्दल काहीतरी. शाई?)
आई रडत होती. (खोडलं. शेजारी: भडक. धाकटी विश्वास ठेवणार नाही. डोळ्यांत पाणी ठेवावं, रडवू नये.)
चूळ सुरुवातीलाच आणावी.

१० एप्रिल

प्रिय ताई,

पत्र मिळालं. उलटसुलट करून वाचलं.

मी कशाला रुसू? मुंगीला आजच पाठव. मुकादमबाईंना दोन ओळी नाही, दोन पानं लिहिली आहेत, सोबत जोडते. शुद्धलेखन बघून घे, चुका नको राहायला. आणि पोर गुणी आहे. मागच्या खेपेलाच माझ्या लक्षात आलं होतं, तिचं बोट घाई करत नाही. खोट सापडली की थांबतं. हे शिकवता येत नाही.

खरंच आपलं पाहून झालं, ताई. तुझं तर फारच.

धाकटी

३ जून

प्रिय ताई,

मुंगी पंधरा दिवसांपूर्वी कारखान्यात हजर झाली, तिचं पत्र आलं. खिडकीजवळचं तिसरं स्टूल मिळालं म्हणे. लिहिते, “मावशी, काच सकाळी गार असते आणि दुपारपर्यंत आपल्या हाताची होते.” मला रडू आलं. पण ते असो.

सकाळचे साडेपाच आहेत. मी चूळ भरलेली नाही.

आई आली, ताई! शेवटी माझ्याकडे. बाबांच्या पलंगाच्या कडेला बसून त्यांची नखं कापत होती. मान न उचलता म्हणाली, “धाकटीचा हात काच घासून खरखरीत झाला, यांना टोचतो. थोरलीकडे ने. शाई काय, धुता येते.” मी म्हटलं, अगं, ताईची नोकरी? ताईची पाठ? त्यावर वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण रडत नव्हती.

मी यात माझं काही घातलेलं नाही. तुला उगाच धक्का नको म्हणून मामांना आधी सांगितलं. त्यांनी फोनवर हुंदका दिला. म्हणाले, अक्काचा शब्द म्हणजे शब्द, आणि आत्याला, काकांना, सगळ्यांना स्वतःच कळवलं. आता सगळे तुझं कौतुक करतायत.

शनिवारी रुग्णवाहिका ठरवली आहे. कॅरम हलवून ठेव.

धाकटी

७ जून

धाकटे,

हा काय पोरखेळ आहे? मी छापखान्यात दहा तास बसते. भाऊजींना स्वतःचा मोजा सापडत नाही, ते बाबांना काय उचलणार? त्यांना इतक्या लांब हलवणं डॉक्टरांना विचारलंस का?

आणि स्वप्नाचं इतकं मनावर घ्यायचं नसतं. पोट बिघडलं तरी माणसाला काय काय दिसतं. शिकलेली ना तू?

शिवाय आज माझ्याकडेही आई आली होती. स्पष्ट म्हणाली, “दिवाळं निघेल थोरलीच्या घराचं, थांबव त्यांना.” मामांना मी हे सांगायला फोन केला तर म्हणतात, आधी चूळ भरली होतीस का ते सांग. म्हातारा माझीच उलटतपासणी घेतो!

शनिवारची गाडी रद्द कर. पाया पडते.

ताई

१२ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं, बाबा सकाळीच निघाले होते. आणि आलं असतं आधी, तरी काय? पत्राच्या डाव्या कोपऱ्यात चहाचा डाग आहे. आईचा नियम तुला मी काय सांगायचा. चहानंतर सांगितली ती गोष्ट.

बाबांना विचारलं, “ताईकडे जायचं ना?” म्हणाले, “बरं.” पण डावा हात पलंगाची लोखंडी कड धरून बसला. गाडीवाले दोघे म्हणाले, बाई, हे सोडत नाहीत. मी बोटं एकेक करून सोडवली. अंगठा शेवटी. अकरा वर्षं बोटांचंच काम केलंय, मला जमतं.

वर्तमानपत्र वाचून दाखवलं की ते डोळे मिटतात, मिटू देत, वाचत राहायचं. दर दोन तासांनी कूस. नखं दर रविवारी.

तुझा एक पाठकोरा कागद सोबत परत पाठवतेय. छापखान्याचा आहे, लागेल. मागची बाजू वाचून घे. एकच सुधारणा सुचवते: ‘मृत माता दिसणे’ याच्यापुढे ‘कोणाचे इच्छित कार्य’ ते छापलेलं नाही. वाचकांचा गोंधळ होतो.

धाकटी

१७ सप्टेंबर

प्रिय मावशी,

मी घरी आहे. तुला कळलंच असेल, कारण माझ्या स्टुलावर आता तू बसतेस, असं तिथली मैत्रीण लिहिते. वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर वाटलं, पण तुझ्याऐवजी दुसरं कुणी असतं तर जास्त वाटलं असतं.

ऑगस्टमध्ये आईची पाठ धरली. ती सरळ उभी राहू शकत नाही, प्रुफंही आडवी होऊन वाचते. मग एका सकाळी मला तिचा फोन आला. म्हणाली, मी अजून चूळ भरलेली नाही, ऐक, आजी आली होती. म्हणाली, आजोबांना मुंगीचा हात लागतो. डोळ्यांत पाणी होतं म्हणे, पण रडत नव्हती. मी त्याच दिवशी निघाले. बाबा कॅरम खेळायला शेजारी जातात, आणि मी आजोबांना वळवते, पुसते, वर्तमानपत्र वाचते. ते सारखा डावा हात वर करून काहीतरी चाचपडतात. काय शोधतात गं ते?

मावशी, एक विचारायचं आहे. आजी खरंच येते का कुणाच्या स्वप्नात? माझ्या एकदाही आली नाही. आईला विचारलं तर ती माझ्याकडे बघत नाही, मामाआजोबांना विचारलं तर रडतात. तूच राहिलीस. तू मला पहिल्या दिवशी सांगितलं होतंस, काचेतली खोट लपवायची नाही, लपवलेली खोट लांब जाऊन मोठी दिसते.

मुकादमबाईंचं पत्र आलंय. महिनाअखेरपर्यंत आलीस तर स्टूल तुझं, म्हणतात, मावशीला तात्पुरतं तुझ्या जागी घेतलंय, दुसरी जागा सध्या नाही. म्हणून मी हे विचारायला नको होतं, कळतं मला. पण तू तशी नाहीस.

तू एकच शब्द लिही. ‘खोटं’. एवढाच. तो कागद आईला दाखवते आणि निघते. ती मग बाई ठेवेल, काहीतरी करेल. नाहीतर मी इथेच राहीन, आजीचं ऐकून. वाट पाहते.

तुझी,
मुंगी

(कच्चा खर्डा. पेन्सिलीनं. पाठवलेला नाही.)

२३ सप्टेंबर

मुंगे, खोटं. (खोडलं.)

मुंगे, सगळं खोटं. आधी तुझ्या आईचं, मग माझं. (खोडलं.)

काल आई माझ्याकडे आली. खरंच. सात वर्षांत पहिल्यांदा. काही बोलली नाही, नखं कापत नव्हती, रडत नव्हती. कारखान्यात खिडकीजवळ उभी राहून मी घासलेल्या आरशावर बोट फिरवत होती. हळूहळू, कडेपासून आत. एका जागी बोट थांबलं. माझ्याकडे न बघता तिनं ते तिथेच दाबून धरलं. मी जागी झाले तेव्हा (इथपासून खाली सगळं खोडलं.)

(शेजारी: लांबतंय. हिला काय करायचंय हे? सुरुवातीला चूळ. डोळ्यांत पाणी ठेवावं.)

२३ सप्टेंबर

प्रिय मुंगे,

सकाळचे सहा आहेत, मी अजून चूळ भरलेली नाही. बरं झालं विचारलंस. आजी येते. आज पहाटेच आली होती, आजोबांच्या पलंगाच्या कडेला बसली होती. मी म्हटलं, आई, पोरीला बोलावून घेऊ का? मान न उचलता म्हणाली, “यांना मुंगीचाच हात लागतो.” डोळ्यांत पाणी होतं, पण रडत नव्हती.

तुझी आई खरं सांगते. तिच्यावर रागावू नकोस, तिची पाठ जप. कागद नवा कोरा आहे, मागच्या बाजूला काही नाही.

तरी मनात शंका उरली, तर आजोबांना सरळ विचार, मी जाऊ नये ना? ते नाही म्हणाले, तर त्याच दिवशी निघून ये. स्टूल तुझंच आहे.

तुझी,
मावशी